प्रोग्रॅम गेला, फायली उरल्या, त्या कोणाच्या?

कल्याण-डोंबिवली महापालिका 1983 साली स्थापन झाली. तिच्या हद्दीतली 27 गावे 2002 साली वगळली गेली आणि 2015 साली पुन्हा आत घेतली गेली. त्यांतली 18 गावे परत बाहेर काढण्याचा निर्णय राज्य सरकारने 2020 मध्ये घेतला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द केला. हद्दीचा हा वाद राजकीय आहे. त्याचा निवाडा या पुस्तकाचे काम नाही. पण त्यात एक साधा कारकुनी प्रश्न दडलेला आहे. गाव यादीतून गेले, की त्या गावाच्या मालमत्ताकराच्या, जन्ममृत्यूच्या, बांधकाम परवानग्यांच्या नोंदींचे काय करायचे? नोंदवह्या महापालिकेच्या, पण त्यांतली नावे, घरे आणि पावत्या गावकऱ्यांच्या. ‘आता ही गावे आपली नाहीत’ असे म्हणून 2002 साली कोणी 19 वर्षांचे दप्तर रद्दीत घालायला निघाला असता, तर 2015 साली त्याच्याकडेच हे दप्तर मागावे लागले असते. अंमल एका अधिसूचनेने उठतो. त्या अंमलाच्या काळात जे साठले, त्याचा निकाल मात्र अधिसूचना लावत नाही.

हीच महापालिका या शतकाच्या सुरुवातीला आपल्या संगणकीकृत नागरी सेवांमुळे राज्यात गाजली आणि तिची पद्धत पुढे महाराष्ट्रातल्या इतर नगरपालिकांसाठी नमुना ठरली. अशा कोणत्याही व्यवस्थेत दोन गोष्टी शेजारी नांदतात: कर मोजणारा प्रोग्रॅम आणि कर भरणाऱ्यांची नोंद. प्रोग्रॅमची मुदत कंत्राटाइतकी असते. नोंद पिढ्यान्‌पिढ्या लागते. जुना प्रोग्रॅम काढून नवा बसवताना त्याच्यासोबत नोंदही पुसली गेली, तर त्याला कोणी स्वच्छता म्हणणार नाही. आपल्या घरच्या संगणकाबाबत मात्र आपण नेमकी उलटी अपेक्षा धरतो. प्रोग्रॅम काढला तरी मागे फायली उरतात, ही संगणक वापरणाऱ्यांची जुनी तक्रार आहे आणि तिच्यामागे एक गृहीतक आहे: चांगले काढणे म्हणजे काहीही न उरणे. या प्रकरणात ते गृहीतकच तपासायचे आहे. मागे उरलेली फाइल बहुधा आळसामुळे उरत नाही. ती कोणाची हे यंत्राला ठरवता येत नाही, म्हणून ती उरते. आणि मालकी ठरत नसेल तेव्हा हात न लावणे हाच शहाणपणा आहे. दोष शोधायचाच असेल तर तो फाइल उरण्यात नाही. जे उरले त्याचा हिशेब वापरणाऱ्याला न देण्यात तो आहे.

हिशेब हा शब्द इथे नेमकेपणाने वापरला आहे, कारण पॅकेज मॅनेजर, म्हणजे प्रोग्रॅमचे गठ्ठे (पॅकेजे) बसवणारा आणि काढणारा प्रोग्रॅम, हा मुळात हिशेबनीस आहे. युनिक्सच्या जुन्या रिवाजात प्रोग्रॅमचा मूळ कोड आणून तो संगणकावरच बांधायचा आणि ‘मेक इन्स्टॉल’ ही आज्ञा द्यायची. त्याने फायली पाच ठिकाणी पेरल्या जात आणि कुठे काय पेरले हे कोणी लिहून ठेवत नसे. काढायची सोय लेखकाने दिली असेल तर ठीक, नाहीतर शोधत बसा. इयन मर्डॉक यांनी 1993 साली डेबियन हा लिनक्सचा संच सुरू केला; त्याचा ‘डीपीकेजी’ आणि 1995 मध्ये रेड हॅटने आणलेला ‘आरपीएम’ या दोन साधनांनी ही अनागोंदी मोडली. दोघांचा उपाय एकच: प्रत्येक पॅकेजमधून कोणती फाइल कुठे ठेवली याची वही. डीपीकेजी दर पॅकेजमागे फायलींची यादी ठेवतो, त्यांतल्या सेटिंगच्या फायली वेगळ्या नोंदवतो आणि काढतेवेळी चालवायच्या सूचनाही जपून ठेवतो. पॅकेज काढायची आज्ञा आली, की तो वही उघडून एकेक फाइल पुसत जातो. शेवटी फोल्डर रिकामे असेल तर तेही काढतो; आत अनोळखी काही सापडले, तर ‘फोल्डर रिकामे नाही, म्हणून काढलेले नाही’ असा इशारा देऊन थांबतो. अनेकांना हा इशारा बिघाड वाटतो. खरे तर वहीत नसलेल्या वस्तूवर हक्क सांगायचा नाही, या शिस्तीचा तो पुरावा आहे.

वही समोर ठेवून पाहिले, की फायलींचे तीन वर्ग पडतात. पहिला वर्ग पॅकेजने स्वतः आणलेल्या फायलींचा: चालणारा प्रोग्रॅम, त्याची चित्रे, मदतीची पाने. यांची मालकी निर्विवाद आहे. त्या जातात आणि जाव्यात. दुसरा वर्ग सेटिंगच्या फायलींचा आणि खरा पेच तिथे सुरू होतो. सेटिंगची फाइल पॅकेज आणते, पण ती बदलतो वापरणारा. एखाद्या कार्यालयातल्या सर्व्हरची सेटिंग्ज बसवायला जाणकार माणसाचे दोन दिवस गेलेले असतात. त्यानंतर ती फाइल कोणाची? डेबियनचे उत्तर असे, की ‘रिमूव्ह’ म्हटले तर प्रोग्रॅम काढायचा पण सेटिंग ठेवायचे, आणि ‘पर्ज’ म्हटले तर सेटिंगही काढायचे. साध्या रिमूव्हनंतर यादीत त्या पॅकेजसमोर ‘आरसी’ ही दोन अक्षरे दिसत राहतात: काढले आहे, सेटिंग शिल्लक आहे. आरपीएमची पद्धत वेगळी. तो मूळ फाइलचा ठसा जपतो आणि काढताना आताच्या फाइलशी ताडून पाहतो. ठसा जुळला, म्हणजे कोणी हात लावलेला नाही, तर फाइल पुसतो. जुळला नाही, तर नावापुढे ‘आरपीएमसेव्ह’ हे शेपूट जोडून ती बाजूला ठेवतो. आर्च लिनक्सचा ‘पॅकमॅन’ही त्याच वाटेने जातो आणि ‘पॅकसेव्ह’ नावाने बदललेली फाइल राखतो. तीन साधने, तीन वेगवेगळे गट, पण निष्कर्ष एकच: माणसाने ज्यावर मेहनत केली असण्याची शक्यता आहे, ते न विचारता पुसायचे नाही.

डीपीकेजी या तत्त्वाला किती टोकापर्यंत पाळतो, हे एका बारीक नियमातून कळते. वापरणाऱ्याने सेटिंगची फाइल स्वतःहून पुसली असेल आणि पॅकेज काढून टाकल्याशिवाय ते पुन्हा बसवले, तर डीपीकेजी ती फाइल आपणहून परत आणत नाही. पुसणे हाही वापरणाऱ्याचा निर्णय आहे असे तो मानतो. फाइल परत हवी असेल तर तसे वेगळे सांगावे लागते. या नियमाने नवशिक्यांची चिडचिड होते हे खरे, पण ठेवणे आणि पुसणे या दोन्हींना सारखाच मान देणारी व्यवस्था विसराळू म्हणता येत नाही. हा फरक फक्त आज्ञा टाइप करणाऱ्यांनाच कळतो असेही नाही. ‘सिनॅप्टिक’ या चित्रमय साधनात ‘काढा’ आणि ‘पूर्णपणे काढा’ असे दोन पर्याय शेजारी शेजारी आहेत. बहुतेक जण पहिल्यावर टिचकी मारतात, दुसरा वाचतही नाहीत आणि नंतर कचरा राहिला म्हणतात.

आता तिसरा वर्ग: प्रोग्रॅम चालू असताना जन्मलेल्या फायली. डेटाबेसमधल्या नोंदी, आलेली पत्रे, लॉग, कॅश, खेळातली प्रगती, लेखकाने लिहिलेले प्रकरण. या फायली पॅकेजमध्ये नव्हत्याच, म्हणून वहीतही नाहीत. ठाणे जिल्ह्यातल्या ऐरोली-महापे पट्ट्यात जी डेटा सेंटरे उभी आहेत, त्यांचे सारे मोल या तिसऱ्या वर्गात आहे. पहिल्या वर्गातले प्रोग्रॅम तर इंटरनेटवरून पाच मिनिटांत परत मिळतात. म्हणूनच डेबियनमध्ये मारियाडीबी किंवा पोस्टग्रेस हे डेटाबेस पर्ज करायला निघालात, तर ‘डेटाही काढायचा का?’ असा वेगळा प्रश्न समोर येतो. पर्ज म्हणजे समूळ काढणे हे ठाऊक असूनही तिथे यंत्र अडखळते आणि ते अडखळणे मुद्दाम घडवलेले आहे. वापरणाऱ्याच्या होम फोल्डरला तर पॅकेज मॅनेजर सहसा हातच लावत नाही. फेडोरा या दुसऱ्या लिनक्स संचाची पॅकेजविषयक नियमावली आणखी पुढे जाते: पॅकेजने स्वतःच्या कामासाठी एखादे खाते उघडले असेल, तर पॅकेज काढतानाही ते खाते काढायचे नाही. कारण व्यावहारिक आहे. लिनक्समध्ये फाइलची मालकी नावाने नोंदलेली नसते, क्रमांकाने असते. खाते गेले आणि त्याची एखादी फाइल कुठे पडून राहिली, तर पुढे तोच क्रमांक ज्याला मिळेल तो तिचा आयता मालक होईल. म्हणजे साफसफाईच्या उत्साहात परक्याच्या हाती किल्ली द्यायची. त्यापेक्षा एक रिकामे खाते पडून राहिलेले बरे.

उलट बाजूचा पुरावाही पाहिला पाहिजे: ज्यांनी मागे काही न ठेवण्याचा ध्यास घेतला, त्यांच्या हातून काय घडले? 1998 च्या अखेरीस बंजी कंपनीच्या ‘मिथ 2’ या खेळाच्या अनइन्स्टॉलरमध्ये दोष सापडला. तो ज्या फोल्डरमध्ये खेळ बसवला असेल ते फोल्डरच पुसत असे. कोणी खेळ थेट ड्राइव्हच्या मुळाशी बसवला असेल, तर सारा ड्राइव्ह गेला. कंपनीला माल परत मागवावा लागला. 2011 मध्ये ‘बंबलबी’ या लिनक्सवरच्या साधनाच्या बसवण्याच्या स्क्रिप्टमध्ये, जुने अवशेष पुसणाऱ्या एका ओळीत, एक मोकळी जागा चुकून पडली. त्या एका जागेमुळे प्रोग्रॅमांचे घर असलेले ‘यूएसआर’ फोल्डरच पुसले जाई. 2015 च्या जानेवारीत ‘स्टीम’ या खेळांच्या दुकानाच्या लिनक्स आवृत्तीत असाच प्रकार उघड झाला: पुसायच्या फोल्डरचा पत्ता रिकामा निघाला तर आज्ञेचा रोख थेट मुळावर जाई आणि वापरणाऱ्याच्या फायली, जोडलेल्या बाह्य डिस्कसकट, जात. 2024 च्या जूनमध्ये लिनक्सचा कारभार चालवणाऱ्या ‘सिस्टिमडी’च्या 256 व्या आवृत्तीत तात्पुरत्या फायली सांभाळणाऱ्या साधनाला ‘पर्ज’ हा नवा पर्याय मिळाला. नावात तात्पुरत्या फायली असल्या तरी त्या साधनाच्या यादीत ‘होम’ हे फोल्डरही होते, आणि पर्याय वापरणाऱ्यांचे घरच पुसले गेले. पाठोपाठच्या आवृत्तीत त्यावर बंधन घालावे लागले. या चारही घटनांत कोणाचा हेतू वाईट नव्हता. फाइल कोणी निर्माण केली हे न विचारता ती कुठे आहे एवढ्यावरून ती पुसली गेली, हे त्यांचे समान कारण. आणि नुकसानीचे पारडे पाहा: उरलेली फाइल उद्याही पुसता येते, पुसलेली फाइल बॅकअप नसेल तर उद्या मिळत नाही.

यावर आक्षेप येतात आणि ते पोकळ नाहीत. पहिला आक्षेप जागेचा आणि वेगाचा. उरलेल्या फायलींनी डिस्क भरते, संगणक मंदावतो, असे म्हणतात. त्यातला मंदावण्याचा भाग बराचसा गैरसमज आहे. जी सेटिंगची फाइल कोणी वाचतच नाही, ती कोणाचा वेळ खात नाही. विंडोजमध्ये रजिस्ट्री, म्हणजे सेटिंगची मध्यवर्ती नोंद, साफ करणाऱ्या साधनांचा मोठा बाजार याच भीतीवर उभा राहिला. पण अशा साधनांमुळे होणाऱ्या बिघाडांची जबाबदारी आपण घेत नाही, अशी मायक्रोसॉफ्टची जाहीर भूमिका आहे. जागेचा मुद्दा खरा आहे, पण तो सेटिंगला लागू नाही, कारण त्या फायली बहुधा काही किलोबाइटच्या असतात. जागा खातात ते कॅश, जुने लॉग आणि अनाथ झालेली सहायक पॅकेजे. त्यांसाठी ‘ऑटोरिमूव्ह’सारखी वेगळी आज्ञा असते आणि तिच्याकडेही वहीच असते: कोणते पॅकेज वापरणाऱ्याने मागितले आणि कोणते दुसऱ्यासाठी आपोआप आले, हे तिच्यात लिहिलेले असते. विंडोजने हाच प्रश्न सामायिक फायलींच्या मोजणीने सोडवायचा प्रयत्न केला. बसवताना आकडा वाढवायचा, काढताना कमी करायचा आणि शून्यावर आला की ‘ही फाइल आता कोणी वापरत नाही असे दिसते, काढू का?’ असे विचारायचे. एखाद्या प्रोग्रॅमने आकडा वाढवायचे टाळले की मोजणी फसे आणि ‘हो’ म्हणणाऱ्याचा दुसराच प्रोग्रॅम बंद पडे. हिशेब अपुरा असताना केलेली साफसफाई महागात पडते, हेच त्यातून सिद्ध झाले.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: खासगीपणाचा. काढलेल्या प्रोग्रॅमच्या मागे पासवर्ड, पत्रे, ग्राहकांचे पत्ते राहिले आणि तो संगणक जुन्या बाजारात विकला गेला तर? धोका खरा आहे, पण प्रोग्रॅम काढणे हा त्याच्यावरचा उपाय नव्हताच. साधे पुसणे फाइलचे नाव यादीतून घालवते, डिस्कवरचा मजकूर लगेच घालवत नाही. त्यामुळे अगदी निर्दोष अनइन्स्टॉलरही इथे पुरा पडत नाही. विकण्यापूर्वी सारी डिस्क नीट पुसावी किंवा पहिल्या दिवसापासून ती कूटबद्ध ठेवावी, हा खरा मार्ग. आक्षेपातला एक भाग मात्र मान्य केलाच पाहिजे: काय उरले हे ज्याला सांगितलेच नाही, तो काळजी तरी कशी घेणार? आरसी ही दोन अक्षरे ज्याला ठाऊक आहेत त्याला डेबियन सांगतो. बाकीच्यांना तो गप्प वाटतो.

तिसरा आक्षेप तंत्रज्ञांचा. प्रत्येक प्रोग्रॅमला स्वतंत्र कोठडी द्या, त्याने जे काही लिहायचे ते तिथेच लिहू द्या. म्हणजे काढताना कोठडीच पाडली की झाले. मोबाइलवर अँड्रॉइडने हेच केले: ॲप काढले की त्याचा खासगी साठा जातो. यातून मालकीचा प्रश्न सुटत नाही, फक्त त्याचे उत्तर आधीच लिहून ठेवले जाते आणि ते उत्तर ‘सगळे ॲपचे’ असे असते. ज्या ॲपमध्ये माणसाने वर्षभराची टिपणे लिहिली त्याच्या बाबतीत ते उत्तर चुकीचे आहे. अँड्रॉइडलाही हे मान्य करावे लागले. दहाव्या आवृत्तीपासून ॲपचा कर्ता आपला डेटा नाजूक असल्याचे जाहीर करू शकतो आणि मग काढताना ‘डेटा ठेवू का?’ अशी विचारणा होते. लिनक्सवरच्या ‘फ्लॅटपॅक’मध्येही कोठडी आहे, तरी साध्या काढण्यात डेटा राहतो, तो घालवायला वेगळा पर्याय द्यावा लागतो. ‘स्नॅप’ने मधली वाट काढली: पॅकेज काढताना डेटाची एक प्रत आपोआप काढून ती 31 दिवस ठेवायची, मग टाकायची. मॅकवरच्या ‘होमब्रू’मध्ये ‘झॅप’ नावाचा समूळ काढण्याचा पर्याय आहे, पण इतर ॲपशी सामायिक असलेल्या फायलीही त्यात जाऊ शकतात असा इशारा त्याच्या माहितीपत्रकातच आहे. म्हणजे कोठडी बांधा किंवा बांधू नका, शेवटी माणसाला विचारावेच लागते.

ठाणे-डोंबिवलीतल्या छपाईच्या आणि डीटीपीच्या दुकानांना या प्रश्नाची आणखी एक बाजू ठाऊक आहे. युनिकोड रुळण्यापूर्वीचा मराठी मजकूर विशिष्ट सॉफ्टवेअरच्या विशिष्ट फाँटमध्ये बसवलेला असे. ते सॉफ्टवेअर आणि फाँट संगणकावरून गेले, की फाइल जशीच्या तशी असूनही पडद्यावर निरर्थक चिन्हांची रांग दिसते. लग्नपत्रिका, स्मरणिका, संस्थांचे अहवाल असे पडून आहेत: फाइल उरली, पण अर्थ प्रोग्रॅमबरोबर गेला. युनिकोडमधल्या मजकुराचे तसे होत नाही. एक फाँट काढला तर दुसरा त्याची जागा घेतो. फाइल राखण्याच्या धोरणाला म्हणूनच एक अट आहे. जे राखायचे ते दुसऱ्या प्रोग्रॅमला वाचता येईल अशा रूपात असले पाहिजे. नाहीतर पॅकेज मॅनेजरने कितीही सावधपणे फाइल जपली, तरी हाती उपयोगाचे काही राहत नाही.

मग चांगल्या व्यवस्थेची कसोटी कोणती? ‘पिप’ हे पायथन भाषेचे पॅकेज साधन इथे चांगले उदाहरण आहे. 2018 पासून, जुन्या पद्धतीने बसवलेले आणि फायलींची यादी नसलेले पॅकेज काढायला सांगितले, तर ते स्पष्ट नकार देते: कोणत्या फायली याच्या आहेत हे नक्की सांगता येत नाही, काढणे अर्धवट होईल. अंदाजाने पुसण्यापेक्षा हा नकार प्रामाणिक आहे. दुसऱ्या टोकाला डेबियनची ‘पियुपार्ट्स’ ही चाचणी आहे. ती पॅकेज बसवते, अद्ययावत करते, पर्ज करते आणि मागे एखादी फाइल विनाकारण उरली तर पॅकेज सांभाळणाऱ्याला जाब विचारते. म्हणजे उरणे आणि उरू देणे यांतला फरक ओळखला जातो: माणसाची फाइल जपा, आपला पसारा मागे सोडू नका. या दोन नियमांना तिसऱ्याची जोड हवी, आणि तिथे जवळजवळ सगळी साधने उणी पडतात. काढणे पूर्ण झाल्यावर काय गेले, काय राहिले, कुठे राहिले आणि का राहिले, याची साध्या भाषेतली यादी वापरणाऱ्याच्या हाती पडली पाहिजे, आणि मराठी वापरणाऱ्याला ती मराठीत मिळाली पाहिजे.

ती मिळेपर्यंत वाचकाने तीन गोष्टी कराव्यात. काहीही काढण्यापूर्वी त्या प्रोग्रॅमने तयार केलेल्या फायली कुठे आहेत हे पाहून त्यांची प्रत घ्यावी. ‘पूर्णपणे काढा’ हा पर्याय सेटिंग नको असल्याची खात्री झाल्यावरच निवडावा. खात्री नसेल तर साधे काढणे पुरेसे आहे. आणि एका टिचकीत सगळा कचरा साफ करून देतो म्हणणारे साधन बसवण्याआधी त्याला एकच प्रश्न विचारावा: फाइल कोणाची आहे हे तुला कोणत्या वहीवरून कळते? उत्तर नसेल, तर ते साधन संगणकाबाहेरच ठेवावे.